सकाळी थंड इंजिन का अडखळते? जुन्या गाडीतील दोष शोधण्याची रीत

थंड इंजिनातला दोष सहसा गॅरेजपर्यंत पोचत नाही. सकाळी सात वाजता कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत सेल्फ मारल्यावर जी गाडी दोन मिनिटे थरथरते, मिसिंग करते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेट घेत नाही) आणि मध्येच बंद पडते, तीच गाडी अकरा वाजता गॅरेजच्या दारात उभी राहते तेव्हा इंजिन पूर्ण तापलेले असते आणि आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता चालणे) एकसारखे झालेले असते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोनदा रेस देऊन ऐकतो आणि गाडीत काहीच दिसत नाही असे सांगतो. त्याचे म्हणणे खरेच असते, कारण त्या वेळी दोष हजर नसतो. मग मालकाच्या समाधानासाठी प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी साफ केली जाते, इंजेक्टर धुतले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच वागते. हा खर्च टाळायचा असेल तर गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत तपासणी झाली पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा मालकानेच करावी लागते. निदानाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते: अडखळणे एकाच सिलिंडरचे आहे की सगळ्या सिलिंडरांचे, आणि ते सुरू झाल्यापासून किती वेळाने, कोणत्या परिस्थितीत थांबते. या दोन उत्तरांवर संशयितांची यादी अर्ध्याहून कमी होते.

थंड इंजिनाला वेगळे काय लागते

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. निव्वळ पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे प्रमाण लागते. इंजिन गरम असताना हे प्रमाण सहज साधते, कारण इनटेक मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्ह तापलेले असल्याने फवारलेले इंधन लगेच वाफ होऊन आत जाते. इंजिन थंड असताना मात्र पेट्रोलमधले हलके, चटकन उडणारे घटकच वाफ होतात आणि उरलेले इंधन, गरम भाताच्या झाकणावर पाणी जमावे तसे, मॅनिफोल्डच्या थंड भिंतींवर चिकटून राहते. सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष पोचणारे मिश्रण त्यामुळे पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होते आणि ठिणगी पडूनही पेट घेत नाही. यावर उपाय म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त इंधन द्यावे लागते. कार्बोरेटरच्या गाडीत हे काम चोक करतो, तर एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने इंधन देणाऱ्या गाडीत, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर पाहून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर अधिक काळ उघडा ठेवतो.

इंजेक्शनच्या गाडीत याखेरीज आणखी एक अडचण असते. सायलेन्सरच्या मार्गातला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय विश्वासार्ह संकेत देत नाही. तोपर्यंत ईसीयूला आपण दिलेले मिश्रण बरोबर होते की चुकले हे कळण्याची सोय नसते. तो आधी साठवलेल्या आकड्यांवर आणि इतर सेन्सरांवर भिस्त ठेवून चालतो. हीच पहिली मिनिटे बारीक दोषांना उघडे पाडतात. सेन्सर तापला की ईसीयू मिश्रण दुरुस्त करून घेतो आणि दोष झाकला जातो. दोष गेला असे मात्र त्याचा अर्थ होत नाही.

पुण्याच्या थंडीला या सगळ्यात किती दोष द्यावा? माझ्या मते फारच थोडा. डिसेंबर-जानेवारीत शहरातले किमान तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असते आणि शिवाजीनगर-पाषाणकडे काही पहाटे ते त्याखाली उतरते. शून्याखालच्या तापमानातही पेट्रोल इंजिन सुरू होते आणि नीट चालते. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या वाहन-चाचणी संस्थेत नव्या मॉडेलच्या धुराची चाचणी होते तेव्हाही गाडी आधी किमान सहा तास नियंत्रित तापमानात उभी ठेवतात आणि थंड इंजिन सुरू करून मोजमापाला आरंभ करतात. थंड स्थितीतले वागणे हा गाडीच्या मूळ जबाबदारीचाच भाग आहे. ‘हिवाळा आहे, जुनी गाडी आहे, चालायचेच’ हे उत्तर म्हणून स्वीकारू नये. पीयूसीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणूनही निश्चिंत राहू नये, कारण ती चाचणी सहसा इंजिन गरम असताना घेतात आणि सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांबद्दल ती काहीच सांगत नाही.

इंधन मात्र खरोखर बदलले आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. शिवाय त्याची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त असते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी तापल्यावर हे जुळवून घेते. कार्बोरेटरच्या गाडीला ती सोय नाही, आणि इंजेक्शनच्या गाडीलाही पहिल्या मिनिटात ती पूर्णपणे मिळत नाही. म्हणून आधीपासून किंचित पातळ चालणारी जुनी गाडी नव्या इंधनावर सकाळी जास्त अडखळते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतले पेट्रोल आणखी संशयास्पद मानावे. तरीही प्रत्येक तक्रारीचे खापर इंधनावर फोडणे घातक आहे. एकाच सिलिंडरची मिसिंग इंधनाच्या प्रकाराने होत नाही, कारण तेच इंधन बाकीच्या सिलिंडरांनाही मिळत असते.

एक सिलिंडर की सगळे?

गाडी किमान आठ तास उभी असावी. ती मोकळ्या हवेत काढून, किंवा पार्किंगमध्ये हवा खेळती असेल तिथेच, ही तपासणी करावी. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये थंड इंजिन चालू ठेवून उभे राहणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते.

सेल्फ मारण्याआधी व्होल्टमीटर असेल तर बॅटरी पाहावी. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असलेली बॅटरी पूर्ण भरलेली असते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि सेल्फ फिरत असताना ती दहा व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल तर ठिणगी दुबळी पडते आणि इंजेक्टरही आळसाने उघडतो. बॅटरी दुबळी असताना पुढचे कोणतेही निदान करू नये.

इंजिन सुरू झाल्यावर मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरावी आणि कान द्यावा. सगळे सिलिंडर चालत असतील तर धक्के एकसारखे येतात. एक सिलिंडर मेलेला असेल तर ठरावीक अंतराने एक ठोका गळतो, आणि तो गळणे इतके नियमित असते की एकदा ओळखले की पुन्हा चुकत नाही. ठोके अनियमित गळत असतील, किंवा आरपीएम वरखाली होत असेल, तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे हवा, इंधनाचा दाब किंवा तापमानाचा सेन्सर यांत, असण्याची शक्यता मोठी. ठोके अगदी एकसारखे आहेत आणि तरीही स्टीअरिंग व सीट थरथरते, तर इंजिन माउंटिंगचे रबर पाहावे. ते वयाने कडक होते आणि थंडीत आणखी कडक होते. मारुती ८०० सारख्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात मुळातच थोडी थरथर असते, म्हणून अशा गाडीची तुलना दुसऱ्या गाडीशी न करता तिच्याच गरम स्थितीशी करावी.

कोणता सिलिंडर मेला आहे हे पहिल्या मिनिटात शोधण्याची जुन्या फिटर लोकांची एक रीत आहे आणि ती आजही उत्तम चालते. इंजिन सुरू झाल्यापासून तीस-चाळीस सेकंदांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीच्या मुळाशी पाण्याचा एकेक थेंब टाकावा. चालणाऱ्या सिलिंडरच्या नळीवर तो चरचरत उडून जातो. मेलेल्या सिलिंडरच्या नळीवर तो तसाच ओघळतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तेच काम अधिक स्वच्छ होते. उशीर केला तर शेजारच्या नळ्यांची उष्णता पसरते आणि फरक पुसला जातो. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही, ओढणी, हात दूर ठेवावेत.

इंजेक्शनच्या गाडीत दुसरी खात्री करायची तर एकेका इंजेक्टरचे कनेक्टर क्षणभर काढून पाहता येते. जो काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. प्लगची वायर ओढून पाहण्याची सवय अनेकांना असते, पण तीत दोन धोके आहेत: हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. इंजेक्टरच बंद केला तर हे दोन्ही टळते. गाडी २०१३ नंतरची असेल तर तिला सहसा ओबीडी-२ चा, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोष वाचण्याचा, सॉकेट असतो आणि साधे डोंगल लावून मोबाइलवर कोड वाचता येतात: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याची, तर पी०३०० म्हणजे कधी या तर कधी त्या सिलिंडरची.

एकच सिलिंडर सापडला, तर

आता घाईने नवा भाग विकत घेण्याऐवजी अदलाबदल करावी. दुसरा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात बसवावा आणि पुढच्या सकाळची वाट पाहावी. दोष प्लगबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला तर प्लग दोषी. जागच्या जागी राहिला तर पुढच्या सकाळी वायर किंवा कॉइल बदलून पाहावी. एका सकाळी एकच अदलाबदल करावी. दोन गोष्टी एकदम हलवल्या की उत्तर मिळाले तरी ते कशाने मिळाले हे कळत नाही. ही रीत संथ आहे, पण नाना पेठेतून एकामागून एक सुटे भाग आणून बसवत राहण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे.

प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधले (सिलिंडरांवरच्या झाकणातले) आटे निघून येण्याची भीती असते. सकाळी सेल्फ मारण्याआधीच काढलेला प्लग तर सगळ्यात जास्त बोलतो, कारण रात्रभर सिलिंडरमध्ये काय झिरपले ते त्यावर दिसते. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड, म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओला आणि वासाचा प्लग म्हणजे रात्रभर ठिबकणारा इंजेक्टर, किंवा आदल्या दिवशी ठिणगीच पडली नव्हती. तेलकट प्लग म्हणजे व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टन रिंग. आणि शेजारच्या प्लगांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा, क्वचित ओलसर प्लग दिसला तर तिथे थांबून विचार करावा, कारण त्या सिलिंडरमध्ये कूलंट येत असण्याची शक्यता आहे. प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असावी. कॉन्टॅक्ट पॉइंटने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या गाड्यांत ती साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर आणि अनेक एमपीएफआय गाड्यांत १.० ते १.१ मिलिमीटर असते. झिजून वाढलेली फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि थंड सकाळी दुबळ्या बॅटरीकडे नेमके तेच कमी असतात.

हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्या जोडातल्या सीलची, बारीक गळती हा सकाळच्या मिसिंगचा सर्वांत फसवा प्रकार आहे, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. इंजिन बंद केल्यावर कूलंट काही काळ दाबाखाली राहतो. गॅस्केटला केसाएवढी फट पडली असेल तर रात्रीतून थोडा कूलंट एका सिलिंडरमध्ये झिरपतो. सकाळी तो सिलिंडर भिजलेल्या प्लगमुळे पेट घेत नाही, मिनिटाभरात कूलंट वाफ होऊन निघून जातो आणि गाडी दिवसभर निर्दोष चालते. सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ इथे गोंधळात टाकते. थंडीत थोडी वाफ प्रत्येक गाडीतून येते, कारण पेट्रोल जळून पाणी तयार होतेच. ती विरळ असते, लगेच विरते आणि काही मिनिटांत थांबते. कूलंटची वाफ दाट असते, रेंगाळते आणि तिला गोडसर वास येतो. टाकीतल्या कूलंटच्या पातळीवर रंगाने खूण करून आठवडाभर दर सकाळी पाहावे. बाहेर कुठेही गळती नसताना पातळी घटत असेल तर गॅरेजमध्ये कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, तीही दाब देऊन रात्रभर ठेवून. कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू येतात का हे निळ्या द्रावाच्या चाचणीने कळते. कार्बन डायऑक्साइड लागला की तो द्राव पिवळा पडतो. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. ही शंका खरी ठरली तर गाडी रोज वापरत राहणे योग्य नाही, कारण फट वाढली की इंजिन तापते आणि हेड वाकते.

सुरू करताच निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. तेलाची पातळी पाहत राहावी, घाई नाही.

सगळे सिलिंडर अडखळत असतील, तर

पहिला संशय कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवर घ्यावा. बहुतेक गाड्यांत या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा घटतो. २० अंशांना तो साधारण दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. सेन्सर म्हातारा होऊन थंड इंजिनाला ‘कोमट’ म्हणू लागला तर ईसीयू जास्तीचे इंधन देतच नाही आणि गाडी पातळ मिश्रणावर चाचरते. उलट गरम इंजिनाला तो ‘थंड’ म्हणत राहिला तर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घटलेले ॲव्हरेज दिसते. याची तपासणी फार सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत सेल्फ न मारता फक्त किल्ली ऑन करून डोंगलवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतके, एकमेकांपासून दोन-चार अंशांत असले पाहिजेत. बाहेर १२ अंश असताना कूलंट ३५ दाखवत असेल तर आणखी काही शोधण्याआधी तो सेन्सर आणि त्याचे कनेक्टर पाहावे. ओबीडी नसलेल्या गाडीत हेच काम मल्टिमीटरने होते.

इथे एका गॅरेजी सवयीचाही उल्लेख केला पाहिजे. गाडी तापते अशी तक्रार आली की काही ठिकाणी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा असतो आणि तोपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापते. तो काढला की हिवाळ्यात इंजिन गरम व्हायलाच खूप वेळ लागतो, अडखळण्याचा काळ लांबतो आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी तो जागेवर आहे का, हे विचारून घ्यावे.

त्यानंतर आयडलची हवा. निरोगी एमपीएफआय गाडी थंड असताना १,२०० ते १,५०० आरपीएमवर सुरू होते आणि तापत जाईल तशी साधारण ७५० ते ९०० वर उतरते. सुरुवातीची ही चढी गती दिसतच नसेल, गाडी सुरू होताच ७०० वर घरंगळून बंद पडत असेल आणि ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवल्यावर बरी चालत असेल, तर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटल बॉडी कार्बनने चिकटली आहे. या एका लक्षणावर थ्रॉटल बॉडीची सफाई रास्त ठरते. इतर वेळी ती नुसती सवय आहे.

हवेची चोरटी गळती, म्हणजे ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या तळातले वायू इनटेककडे नेणारी) नळी किंवा इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट यांतून आत शिरणारी न मोजलेली हवा, हीदेखील थंडीत जास्त जाणवते, कारण रबर कडक असते आणि धातू आकसलेला असतो. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीत अशा गळतीने मिश्रण पातळ होते. मॅनिफोल्डमधला दाब मोजून चालणाऱ्या गाडीत मात्र ईसीयू तेवढे इंधनही वाढवतो, म्हणून तिथे मिसिंगपेक्षा चढलेले आयडल हे लक्षण जास्त दिसते. जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहावे. या कामासाठी काही जण पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर वापरतात. सुरू इंजिनावर ज्वलनशील फवारा मारू नये.

इंधनाच्या दाबासाठी एक साधी परीक्षा आहे. किल्ली ऑन करून तीन सेकंद थांबावे, बंद करावी, असे दोन-तीनदा करून मग सेल्फ मारावा. प्रत्येक वेळी टाकीतला पंप क्षणभर चालून लाइनमध्ये दाब भरतो. एवढ्याने गाडी लगेच आणि स्वच्छ सुरू झाली तर रात्रभरात दाब उतरतो आहे, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे. दोन्हींतला फरक ओल्या प्लगावरून कळतो.

सीएनजीच्या गाड्यांसाठी हाच मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि पुण्यात त्यांची संख्या थोडी नाही. सिक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेली) गाडी सहसा पेट्रोलवर सुरू होते आणि थोडी तापल्यावर गॅसवर जाते. परिणामी पेट्रोलचे इंजेक्टर दिवसाकाठी मिनिट-दोन मिनिटेच चालतात, त्यांच्या तोंडाशी चिकटा धरतो आणि टाकीतले थोडेसे पेट्रोल महिनोन्महिने शिळे होत राहते. सकाळची मिसिंग गॅसवर जाताच थांबत असेल तर ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचा जोर) आणि हवा बहुधा निर्दोष आहेत. पेट्रोलचाच मार्ग तपासावा. गॅसवर गेल्यावरही ती टिकत असेल तर इंजेक्टर सफाईवर पैसे घालू नयेत. ताजे पेट्रोल भरून दर आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर गाडी चालवणे हा यावरचा उपायही आहे आणि प्रतिबंधही.

कार्बोरेटर, पावसाळा आणि डिझेल

पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० च्या मालकाने आधी एअर फिल्टरचे झाकण काढून, चोक ओढल्यावर त्याची झडप खरोखर पूर्ण मिटते का आणि सोडल्यावर पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी पाहावे. केबल लांबलेली असते किंवा ऑटो चोक अर्ध्यात अडकलेला असतो, आणि त्याऐवजी आयडलचा स्क्रू पिळून गाडी कशीबशी चालवली जाते. चोक ठीक असूनही आयडलला गाडी मरते आणि रेस दिल्यावर नीट चालते, तर आयडल जेट (आयडलला इंधन देणारे बारीक छिद्र) तुंबला आहे.

तक्रार थंडीत नसून जून ते सप्टेंबरमध्ये, पावसाळी ओल असताना येत असेल, तर संशय ठिणगीच्या मार्गावर घ्यावा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्रत्येक प्लगकडे ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या झाकणाच्या) आत दव जमते, तडकलेल्या कॅपमधून किंवा जुन्या वायरींतून ठिणगी भलत्याच ठिकाणी उडते आणि इंजिनाच्या उष्णतेने ओल सुकली की गाडी सुधारते. अंधारात बॉनेट उघडून सुरू इंजिनाकडे पाहिले तर वायरींच्या कडेने निळसर ठिणग्या दिसतात. हात लावू नये. वायरींचा आणि कॅपचा संच एकदम बदलावा.

डिझेलची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे प्लगची ठिणगीच नसते. पिंपरीत तयार झालेल्या जुन्या इंडिकासारख्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कक्षात फवारले जाते आणि थंड असताना त्या कक्षाला हीटर प्लगची ऊब लागते. चारांपैकी एक हीटर प्लग गेला की तो सिलिंडर पहिले मिनिटभर मिसिंग करतो आणि डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढुरका धूर येतो. मल्टिमीटरवर चांगल्या हीटर प्लगचा रोध अगदी कमी, एक ओहमच्या आसपास दिसतो. तुटलेला प्लग काहीच वाट देत नाही. हीटर प्लग ठीक असतील तर डिझेलच्या लाइनमध्ये रात्रीतून हवा शिरते का हे पाहावे; हातपंप दाबून मग सुरू केल्यावर फरक पडला तर तेच कारण.

हेड उतरवण्याआधी

वरच्या सगळ्यातून काही निघाले नाही आणि तोच एक सिलिंडर सकाळी मरत राहिला, तर कॉम्प्रेशन मोजण्याची वेळ आली. यासाठी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडावी, म्हणजे मोजणी थंड इंजिनावर आणि पुन्हा गरम इंजिनावर, अशी दोनदा करता येते. अनेक पेट्रोल इंजिनांत निरोगी आकडा प्रति चौरस सेंटिमीटर १२ ते १४ किलो असतो, पण आकड्याइतकीच सिलिंडरांमधली तफावत महत्त्वाची. ती एक किलोहून जास्त असेल तर दखल घ्यावी. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, कारण तेलाने फट तात्पुरती भरली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

व्हॉल्व्हचा संशय आला म्हणजे लगेच हेड उतरवायला होकार देऊ नये. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) तपासून घ्यावेत, विशेषतः सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत, कारण तिथे व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटची फट हळूहळू मिटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. फट पुस्तिकेप्रमाणे लावून कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. अनेकदा काम एवढ्यावर भागते. तरीही आकडा कमीच राहिला तर लीक-डाउन टेस्ट मागावी. तीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. एअर फिल्टरकडून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेले हेड. हा आवाज मालकाने स्वतः उभे राहून ऐकावा आणि मगच किती काम उघडायचे, कोणते भाग लागतील आणि खर्च किती येईल, हे मेकॅनिकबरोबर ठरवावे.